बेघरांचे शहर (लेखांक ५) : उचलून नेलेला निवारा

मागच्या लेखात शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्यांची योजना पाहिली. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, असा तिचा निकष. तिथे जावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आज पाहायचे ते दुसरे सरकारी छप्पर. तिथे माणूस जात नाही, त्याला नेले जाते.

याचे मूळ १९५९ च्या मुंबई राज्याच्या भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. हात पसरणारा तर त्यात येतोच. पण गाणे, नाच, भविष्यकथन किंवा किरकोळ वस्तूंची विक्री यांच्या आडून दान मागणेही त्यात येते. हा शब्दार्थ काटेकोर लावला, तर दारोदार फिरणारा वासुदेव आणि नंदीबैलवालाही त्यातून सुटत नाहीत. व्याख्येचे एक कलम तर त्याही पुढे जाते. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी वावरतो, एवढेही पुरते. म्हणजे मागितले काहीच नाही, तरी कळकट कपड्यांनी फुटपाथवर बसलेला मजूर कचाट्यात सापडू शकतो.

अशा माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. न्यायालयाने भिकारी ठरवले, की पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता. वारंवार सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाते. त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाही डांबण्याची तरतूद आहे.

हाच कायदा दिल्लीलाही लागू केला गेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य ठरवली. माणूस भीक मागतो तो नाइलाजाने. अन्न-निवारा पुरवण्यात राज्य कमी पडले, त्याची शिक्षा त्याला कशी, हा निकालाचा गाभा. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यावरचे कलम मात्र न्यायालयाने राहू दिले. पण तो निकाल दिल्लीपुरता. ज्या मुंबईच्या नावाने कायदा झाला, तिथे तो रद्द झालेला नाही.

सक्तीच्या बाजूचे लोक म्हणतात, निवारे असूनही ही माणसे येत नाहीत. कारणे साधी आहेत. हमालाला पहाटे बाजारात हजर व्हायचे असते, निवारा दूर असतो. नवरा-बायकोची सोय वेगवेगळ्या ठिकाणी होते. बोचके ठेवायला सुरक्षित जागा नसते. ही गाऱ्हाणी पोलीस गाडीने मिटत नाहीत. कामाजवळची जागा, कुटुंबासाठी खोली आणि सामानाला कुलूप यांनी मिटतात. हे न देता माणसे उचलली, तर रस्ता तेवढा मोकळा दिसेल, बेघर मात्र बेघरच राहील. म्हणून महाराष्ट्रानेही व्याख्येतले ते ‘दिसण्या’चे कलम आणि स्थानबद्धता रद्द करावी.

पुढील लेखात : निवाऱ्यातून स्वतःच्या घरापर्यंतची वाट.