‘लोक’ या शब्दाचे राजकारण : तिमो सोइनी यांची कारकीर्द

हेलसिंकी विद्यापीठात १९८८ साली राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने लोकानुनयवादावर पदव्युत्तर प्रबंध सादर केला. उदाहरणादाखल त्याने फिनलंडचा ग्रामीण पक्ष अभ्यासासाठी घेतला होता. आणि तो स्वतः त्याच पक्षाचा कार्यकर्ता होता. हा विद्यार्थी म्हणजे तिमो सोइनी. युरोपीय संघाविषयी अविश्वास हे ज्या पक्षाचे मुख्य भांडवल ठरले, त्या पक्षाचे नेतृत्व पुढे त्यांनी वीस वर्षे केले. एखाद्या राजकीय प्रवृत्तीचा अभ्यासक आणि तिचा नायक एकच असावा, हा योग विरळा होय. प्रबंधात ज्या पक्षाचे परीक्षण केले, त्याच्यासारखीच गती आपल्या वाट्यास आलेली त्यांना पाहावी लागली, यामुळे या कारकिर्दीस विशेष महत्त्व येते.

ग्रामीण पक्षाचे संस्थापक वेइक्को वेन्नामो यांनी युद्धोत्तर काळात कारेलियातून विस्थापित झालेल्या चार लाखांवर लोकांच्या पुनर्वसनाचे काम पाहिले होते. १९५९ साली कृषक संघातून फुटून त्यांनी अल्पभूधारकांचा पक्ष काढला. त्यांचे सामर्थ्य कार्यक्रमापेक्षा भाषेत होते. ‘क्युल्लॅ कान्सा तिएतॅॅ’, म्हणजे ‘जनता जाणतेच’, हे त्यांचे ब्रीद. यातील ‘क्युल्लॅ’ हे निश्चयवाचक अव्यय आपल्या ‘च’ चे काम करते. त्यापुढे वादास जागा उरत नाही. प्रतिपक्षास ते ‘रोतोस्हेर्रात’, म्हणजे गैरव्यवहारी साहेबलोक, म्हणत. १९७० साली पक्षास २०० पैकी १८ जागा मिळाल्या. १९८३ साली १७ जागा मिळवून तो सरकारात शिरला, आणि तेथून त्याची घसरण सुरू झाली : १९८७ साली ९ जागा, १९९५ साली अवघी एक, आणि त्याच वर्षी दिवाळे. त्या अखेरच्या वर्षांत पक्षाचे चिटणीस सोइनीच होते.

१९९५ हेच फिनलंडच्या युरोपीय संघप्रवेशाचेही वर्ष. आदल्या वर्षीच्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के मतदारांनी प्रवेशास संमती दिली होती. उरलेल्या ४३ टक्क्यांना वाचा देण्यास मात्र कोणताही मोठा पक्ष तयार नव्हता. ग्रामीण पक्षाच्या अवशेषांतून उभा राहिलेला नवा पक्ष या मोकळ्या जागेत आला. त्याचे नाव ‘पेरुस्सुओमालाइसेत’. येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे, कारण या नावाच्या भाषांतराने परदेशी वाचकांची बरीच दिशाभूल केली आहे. ‘पेरुस’ म्हणजे पाया, मूलभूत, नेहमीचे. सर्वांसाठी सक्तीची असलेली प्राथमिक शाळा ही ‘पेरुस्कोउलु’. तेव्हा पक्षनामाचा अर्थ ‘साधीसुधी फिन माणसे’ असा होतो. स्वीडिश आणि इंग्रजी नावांत मात्र ते ‘खरे फिन’ झाले. ‘साधा’ या शब्दाला ‘मोठा’ हा प्रतियोगी असतो. ‘खरा’ म्हटले की कोणीतरी ‘खोटा’ मानावा लागतो. पक्षाने २०११ साली इंग्रजी नावातील ‘खरे’ गाळले. स्वीडिश नावात ते तसेच राहिले. पक्षाच्या पोटात हे दोन्ही अर्थ प्रारंभापासून नांदत होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९९७ साली सोइनी अध्यक्ष झाले आणि २००३ साली संसदेत पोहोचले. त्यांच्या २००८ सालच्या आत्मकथनाचे नाव ‘माइस्तेरिस्यॅत्कॅ’, त्यात ‘एम. ए. झालेला’ आणि ‘रांगडा गडी’ हे दोन शब्द एकत्र आले आहेत. त्यांचे गाजलेले घोषवाक्य होते ‘मिस्सॅ ईयू, सिएल्लॅ ओंगेल्मा’. मराठीत ते शब्दशः उतरते : ‘जेथे ईयू, तेथे अडचण’. जेथे-तेथे ही म्हणीची रचना. क्रियापद नाही, कर्ता नाही, काळ नाही. असे वाक्य सिद्ध करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर पडत नाही. २००९ साली सुमारे १,३०,००० वैयक्तिक मते मिळवून ते युरोपीय संसदेवर निवडून गेले, आणि तेथे ब्रिटनच्या नायजेल फराज यांच्या गटात बसले. पाठोपाठ युरोचलनी राष्ट्रांवर कर्जसंकट कोसळले. पोर्तुगालला साहाय्य द्यावे की नाही, हा वाद ऐन भरात असताना एप्रिल २०११ ची निवडणूक झाली. पक्षाची मते ४.१ वरून १९.१ टक्क्यांवर आणि जागा ५ वरून ३९ वर गेल्या. साहाय्यास विरोध कायम ठेवून सोइनी सरकारबाहेर राहिले.

२०१५ साली ३८ जागा हाती असताना त्यांनी सरकारात प्रवेश केला व परराष्ट्रखाते घेतले. दोनच महिन्यांत ग्रीसच्या तिसऱ्या कर्जसाहाय्याचा प्रश्न पुढे आला आणि फिनलंडने संमती दिली. सरकार पाडले तरी दुसरे सरकार हेच करील, असा सोइनी यांचा बचाव होता. युक्तिवाद म्हणून तो दुर्बल नव्हता. परंतु त्यात ‘जर’ होते, ‘तरी’ होते. आणि वीस वर्षे ज्या श्रोत्यांना अशा वाक्यांचा तिटकारा शिकवला, त्यांच्यापुढेच तो मांडावयाचा होता. त्याच शरद ऋतूत आश्रयार्थींचा ओघ वाढला. काही महिन्यांत जनमतचाचण्यांतील पक्षाचा आधार निम्म्यावर आला. १९८३ नंतर काय झाले हे सोइनी यांच्याइतके नेमके कोणास ठाऊक होते? तरीही त्यांनी सत्ता स्वीकारली. सत्तेविना विरोध पोकळ ठरतो, हेही ग्रामीण पक्षाच्या इतिहासाने त्यांना शिकवले असावे.

जून २०१७ मध्ये युवॅस्क्युलॅ येथील अधिवेशनात सोइनी अध्यक्षपदावरून दूर झाले, आणि युस्सी हाल्ला-आहो निवडून आले. हे गृहस्थ भाषाशास्त्रज्ञ. आद्य-स्लाव्ह भाषेतील नामांच्या रूपविचारावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आहे. वांशिक गटाविरुद्ध चिथावणी आणि धर्मभावनेचा अवमान यांबद्दल २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते. ‘साधा’ की ‘खरा’, या जुन्या प्रश्नाचा निकाल सभासदांनी ९४९ विरुद्ध ६४६ मतांनी दिला. तीन दिवसांत सोइनींसह वीस खासदार बाहेर पडले. मंत्रिपदे राहिली, पक्ष गेला.

२०१९ च्या निवडणुकीस सोइनी उभे राहिले नाहीत. मूळ पक्षाने ३९ जागा पुन्हा मिळवल्या. बाहेर पडलेल्यांनी आपल्या पक्षास ‘सिनिनेन तुलेवाइसुस’, म्हणजे ‘निळे भवितव्य’, असे नाव दिले होते. त्यास सुमारे एक टक्का मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही.