जुनी मोटार कशी सांभाळावी?

श्रोतेहो, मोटार जुनी झाली म्हणजे ती निकामी झाली, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली निघाली, २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरी ती अजूनही रस्त्यावर दिसते. लाखावर किलोमीटर झालेली अशी एखादी गाडी आपल्याही दारात असेल. ती स्वतः सांभाळायची, तर यंत्र बिघडते कशाने, हे आधी समजून घेतले पाहिजे.

यंत्राचे शत्रू तीन : घर्षण, उष्णता आणि धूळ. इंजिनातले ऑइल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि मळ आपल्यात धरून ठेवते. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजतात, थोडे ऑइल जळते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्याची पातळी बघावी. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. पट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. काळे दिसले तर घाबरू नका. पण दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले असे समजा आणि गाडी जागेवरच ठेवा.

धूरही बोलतो बरे का! निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते; कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर धुळीने लवकर चोंदतो, तो आधी पाहावा.

खरा जिवाचा प्रश्न ब्रेकचा. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा दाब तो जसाच्या तसा चाकापर्यंत पोचवतो. शिक्षकबंधूंनो, पास्कलचा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते? पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. घाटात सतत ब्रेक दाबले की ते तापते, ओलीची वाफ होते. वाफ मात्र दाबली जाते, आणि पॅडल एकदम खाली जाते. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

ऑइल, फिल्टर, बॅटरीचे पाणी, टायरची हवा ही कामे आपल्या हातची. ब्रेक आणि स्टिअरिंग जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. जॅक केव्हा सटकेल, याचा नेम नसतो.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च आला, एवढेच लिहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या वेळी ही वही चाळा. दाराचा पत्रा गंजला तर सांधता येतो. पण चाकांचा भार पेलणारा सांगाडाच गंजून गेला असेल, तर मात्र माया आवरावी. गाडीपेक्षा आत बसणारी माणसे मोलाची.