रबराची कारकीर्द

लोहगडास २०२५ च्या जुलै महिन्यात जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ही आम्हां लोहगडवाडीकरांच्या अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्या गौरवामागोमाग भाज्याहून वर येणाऱ्या चढावर शनिवार-रविवारी मोटारींची जी रांग लागू लागली, तिच्यातील कित्येक गाड्यांना शर्यतीच्या हौसेने चढविलेली अवाढव्य रिंगे आणि त्यांवर भाकरीएवढ्या जाडीचे टायर पाहिले, की मला या मंडळींच्या विद्वत्तेची कीव येते. ज्या फॉर्म्युला वन शर्यतीचे हे अनुकरण, तिच्या गाड्यांची रिंगे २०२१ च्या अखेरपर्यंत अवघ्या १३ इंच व्यासाची होती, आणि टायरची उंच, लवचिक बाजू तेथे स्प्रिंगचे बरेचसे काम पार पाडीत असे, हे त्यांस कोणी सांगितलेले दिसत नाही.

डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर काढला, मिशेलिन बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो मोटारीस लावून वाटभर पंक्चरे काढली, आणि १९७१ च्या सुमारास नक्षी सर्वस्वी पुसून टाकलेला गुळगुळीत टायर फॉर्म्युला वनमध्ये अवतरला. मधल्या वर्षांत टायर रुंद होत गेले, याहून अधिक काही सांगण्याचा मला उत्साह नाही.

रबर रस्त्यास दोन प्रकारे धरते: एक तर त्याचे रेणू पृष्ठभागाशी क्षणमात्र चिकटतात, आणि दुसरे असे, की खडीच्या सूक्ष्म उंचवट्यांवर दबलेले रबर पूर्ववत होण्यास किंचित विलंब लावते, व त्या विलंबातूनच पकड निर्माण होते. हा सारा व्यवहार उष्णतेच्या स्वाधीन आहे. शर्यतीचे रबर शंभर अंशांच्या आसपास तापल्याखेरीज आपले गुण दाखवीत नाही. थंड असता घसरून त्याची साल ओढली जाते व दाणे उमटतात, फाजील तापल्यास आतून फोड येतात. म्हणूनच तेथे टायरांस विजेच्या दुलया पांघरतात. आपल्या लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही सरळ रेषेतील शर्यत ज्यांनी पाहिली, त्यांनी सुटण्यापूर्वी चाके जागीच फिरवून धूर काढणारे चालकही पाहिले असतील. तो निव्वळ तमाशा नसून रबर तापविण्याचा खटाटोप असतो. कोरड्यात नक्षीवाचून अधिक रबर जमिनीस लागते, पावसात मात्र पाणी बाहेर सारण्यास खाचाच हव्यात. (झिजून गुळगुळीत झालेला टायर म्हणजे शर्यतीचा टायर, असे समजून श्रावणात गडाकडे येणाऱ्यांस काय म्हणावे?)

मी जे डोळ्यांदेखत पाहिले व ज्याच्यासाठी रात्री जागविल्या, ते फॉर्म्युला वनचे दशक १९९८ साली सुरू झाले. गाड्यांचा वेग आवरण्यासाठी शर्यतीच्या नियामक संघटनेने टायरांत सक्तीने खाचा पाडविल्या, त्या वर्षाअखेर गुडइयरने मैदान सोडले, आणि २००१ साली मिशेलिन परतल्यावर जपानी ब्रिजस्टोन व फ्रेंच मिशेलिन यांचा कज्जा उभा राहिला. त्याच सुमारास, २००२ साली, मळवलीच्या अंगाने जाणारा द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला, आणि कमी हवेच्या टायरची बाजू वारंवार वाकून तापते व अखेर फुटते, हा धडा आमच्या परिसरासही मिळू लागला.

त्या कज्ज्यातील एक अन्याय मी अद्याप विसरलेलो नाही. २००३ च्या हंगेरीतील शर्यतीनंतर, मिशेलिनचा पुढचा टायर झिजता झिजता २७० मिलिमीटरच्या मर्यादेबाहेर पसरतो अशी तक्रार पुढे आली, आणि जी मोजणी तोवर नव्या टायरची होत असे ती शर्यतीनंतरही करण्याचे फर्मान ऐन हंगामात निघाले. त्या वर्षी अजिंक्यपदात ब्रिजस्टोनवर धावणारा शूमाकर ९३ विरुद्ध ९१ अशा दोन गुणांच्या फरकाने मिशेलिनवाल्या रायकोनेनवर सरशी करून गेला. फर्मान काढणाऱ्यांनी हंगाम संपेपर्यंत धीर धरला असता तर काय बिघडले असते?

२००५ चा नियम तर शहाणपणाशी वैरच होते: सराव-क्रमवारीचा टायर शर्यतभर बदलावयाचा नाही. नुरबुर्गरिंगवर रायकोनेनचा पुढचा उजवा टायर ब्रेकखाली घासून एका जागी सपाट झाला, त्याच्या हादऱ्यांनी शेवटच्या फेरीत सस्पेन्शन मोडले, आणि हातची शर्यत आलोन्सोस मिळाली. पुढे इंडियानापोलिसच्या शर्यतीआधी, तेथील तेराव्या, कलत्या बांधणीच्या वळणाचा भार आपले टायर सोसणार नाहीत असे मिशेलिनने कबूल केले. वेग मोडणारा अडथळा तेथे घालण्याची तडजोड संघटनेने नामंजूर केली. आणि १९ जूनच्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र जवळ आली असता, पूर्वफेरी संपताच १४ गाड्या निमूटपणे पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या ६, त्यांत जॉर्डन गाडीत आपला नारायण कार्तिकेयन. तो चौथा आला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडील शहाण्यांनी ‘सहांत चौथा’ म्हणून हसून घेतले. त्यांस मी विचारीत होतो व आजही विचारतो, की ज्या टायरांवर तो धावला ते टिकले, हे टायरच्या शर्यतीत यश नव्हे तर काय? २००६ अखेर मिशेलिन निघून गेले, २००९ साली खाचा गेल्या, आणि २०११ पासून पिरेली हा एकटाच पुरवठादार झाला, तोही मुद्दाम लवकर झिजणारे टायर घडविण्याच्या मागणीसह; म्हणजे झीज हा पूर्वी दोष होता, तो आता करमणुकीचा भाग झाला. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या आणि तो अध्यायही मिटला. इंडियानापोलिसच्या त्या रात्री कार्तिकेयनने मिळविलेले ५ गुण हेच फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने आजवर मिळविलेले सर्व गुण आहेत.