धसका बोलून उतरतो, पण रीतसर

जून लागला, पत्र्यावर पाऊस वाजू लागला की आपल्यातल्या काही घरांत झोप उडते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. भिंती उभ्या राहिल्या, भांडीकुंडी आली. पण मंगळवार पेठेत महिला मंडळाच्या बैठकीला नदीकाठच्या भगिनी येतात, त्या अजून विचारतात, "बाई, पोरगं रात्री किंचाळून का उठतंय?"

मोठ्या माणसाला धसका बसला की तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, बारीक आवाजाने दचकायला होतं, त्या वाटेने जावंसं वाटत नाही. काहींचा हात उठतो, काही बाटली जवळ करतात. लहान मूल तोंडाने सांगत नाही. सहा-सात वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही, शाळेच्या वेळेला पोट दुखतं म्हणतं, खेळात सारखं घर बुडवतं. आपण त्याला नाटकी म्हणतो. पूरच नव्हे, अपघात, भाजणं, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, वस्तीवरचा हल्ला, सगळ्यांमागे हे येतं. बऱ्याच जणांचं महिनाभरात आपोआप निवळतं. त्यापुढेही राहिलं, तर उपचार लागतात.

इथे एक कडू बोलते. २२ प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, आणि पोर झोपेना म्हटलं की उतारा गुपचूप टाकला जातो. त्यात पैसा जातो आणि महिने जातात.

पटाचाराची गोष्ट विहारात आपण ऐकली आहे. नवरा साप चावून गेला, पोरं नदीकाठी गमावली, माहेरचं घर वादळात पडलं. वेडी म्हणून लोक तिला हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं, आधी भानावर आणलं, मग तिचं ऐकलं. आजचा समुपदेशकही हाच क्रम ठेवतो.

पहिल्या बैठकांत तो श्वास सावकाश करायला, भीती अंगात कुठे जाणवते ते ओळखायला शिकवतो. प्रसंग संपला तरी अंगातला भोंगा वाजत असतो, तो आधी खाली आणायचा. मग आठवण थोडी थोडी सांगायची, पेलेल तेवढीच. पूल ओलांडायला घाबरणारी मुलगी असेल तर आधी नदीचं चित्र काढायचं, मग उन्हाळ्यात आईचा हात धरून पुलाच्या तोंडाशी उभं राहायचं, मग चार पावलं. लहानग्यांशी बाहुल्या, माती, रंग यांतून बोलतात आणि आईबापालाही शिकवतात. साधारण १२ ते १६ बैठका लागतात. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला दुसराही एक उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मुलं आणि मोठी माणसं, दोघांसाठी हे दोन्ही सुचवले.

धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, असंही त्याच सूचनांत आहे. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका.

"विपश्यनेला बसव, बरं वाटेल," असं बरेच जण सांगतात. आनापान रोज जरूर करा. पण जखम ताजी असताना दहा दिवसांच्या मौनात जुनं सगळं एकदम वर येऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

जातीय हल्ला झाला असेल तर ॲट्रॉसिटीची फिर्याद आणि मनाचा उपचार दोन्ही सोबत चालवा. कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती, येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यासमोर त्या मुलाला प्रसंग पुन्हा सांगायला लावू नका. जबाब एकदा, नीट, जवळचं माणूस शेजारी बसवून होऊ दे.

सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढताना तसं सांगा. जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८. पहिल्या भेटीला जाताना झोप कधीपासून बिघडली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. आणि पोराला खोटं सांगून नेऊ नका; तिथे सुई टोचत नाहीत, बोलतात आणि खेळतात, एवढं सांगितलं तरी ते येतं.