निष्ठेची किंमत : हरणारी फौज आतून कशी फुटते

१९४६च्या उन्हाळ्यात चिनी यादवीचा पुन्हा भडका उडाला, तेव्हा राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख चँग कै-शेक यांच्याकडे सुमारे ४३ लाखांची फौज होती. माओंची कम्युनिस्ट फौज त्याच्या तिसरा हिस्साही नव्हती. विमानं, रणगाडे, मोठी शहरं, अमेरिकेची मदत, सगळं एकाच पारड्यात. नोव्हेंबर १९४८मध्ये अमेरिकी लष्करी सल्लागार डेव्हिड बार यांनी वॉशिंग्टनला कळवलं, की आपण आल्यापासून दारूगोळ्याअभावी एकही लढाई हरलेली नाही. तरी चँग यांची फौज वितळत होती. कैद झालेले शिपाई थोड्याच दिवसांत समोरून गोळ्या झाडू लागत.

पराभव म्हटला की आपल्याला पानिपत आठवतं : विश्वासराव पडले आणि दुपारीच सगळं संपलं. यादवीत असं सहसा होत नाही. तिथे एकेकाच्या लक्षात येतं, की या बाजूला सर्वांत महाग पडते ती निष्ठाच.

मांचुरियातलं चांगचुन घ्या. मे ते ऑक्टोबर १९४८ या वेढ्यात दीड लाखाच्या आसपास नागरिक उपासमारीने मेले असावेत. कम्युनिस्टांनी त्यांना बाहेर पडू दिलं नाही, हेही विसरू नये. आत दोन फौजा होत्या : चँग यांची लाडकी नवी सातवी आणि दूर दक्षिणेतल्या युन्नानची साठावी. साठाव्या फौजेच्या वाट्याला रसद कमी आणि हेटाळणी जास्त. त्यांच्या प्रांताचे सुभेदार लुंग युन यांना चँग यांनी १९४५मध्येच बळजबरीने हटवलं होतं. मग युन्नानच्या पोरांनी बर्फाळ मुलखात मरायचं कोणासाठी? १५ ऑक्टोबरला दक्षिणेच्या वाटेवरचं जिनझोऊ पडलं, सुटकेची वाट बंद झाली, आणि १७ला सेनापती त्सेंग त्सेशंग यांनी बाजू बदलली. दोन वर्षांनी तीच फौज नव्या क्रमांकाने कोरियात अमेरिकेशी लढत होती.

शहरांत नोटांनी घात केला. १९ ऑगस्ट १९४८ला ‘सुवर्ण युआन’ आला : जुन्या ३० लाखांना नवा एक. घरातलं सोनं, चांदी, डॉलर सरकारजमा करण्याचं फर्मान निघालं. शांघायच्या मध्यमवर्गाने रांगा लावून ते पाळलं. बड्यांनी आपलं आधीच हलवलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भावनियंत्रण उठलं, नव्या नोटांची किंमत कोसळली आणि आज्ञाधारक माणूसच नागवला गेला. सरकारचा हा सर्वांत मोठा मूर्खपणा, असं माझं मत आहे; शत्रूलाही इतकं जमलं नसतं.

रणांगणावरही तेच. त्याच नोव्हेंबरात श्युझोऊच्या पूर्वेला चँग यांचे सेनापती हुआंग बाइताओ वेढ्यात सापडले. हुकुमाप्रमाणे दुसऱ्या फौजेची वाट पाहत थांबल्याने त्यांना उशीर झाला होता. ८ नोव्हेंबरला चँग यांचेच दोन सेनानी सैन्यासह फुटले आणि हुआंग यांच्यामागची वाट शत्रूला मोकळी झाली. मदतीला निघालेले चँग यांचे मर्जीतले सरदार रेंगाळत राहिले. हुआंग मेले. उरलेल्यांनी काय बोध घेतला असेल, ते सांगायला नको.

उलट बेपिंगचे, म्हणजे आजच्या बीजिंगचे, सेनापती फू त्सोयी यांनी जानेवारी १९४९मध्ये वाटाघाटी करून शहर सोपवलं. त्यांची मुलगी गुप्त कम्युनिस्ट होती. नव्या सरकारात फू जलसंधारण मंत्री झाले.

अशी सवलत मिळणार नसेल, तर? स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापती फ्रँकोने प्रजासत्ताक सरकारच्या अटी नाकारल्या. मार्च १९३९मध्ये माद्रिदचे कर्नल कासादो आपल्याच सरकारवर उलटले, प्रजासत्ताकवाले आपसांत लढले, आणि तहाच्या नावाने हाती भोपळा आला.

अलीकडचं उदाहरण सीरियाचं. तिथे २७ नोव्हेंबर २०२४ला बंडखोरांची चढाई सुरू झाली आणि ८ डिसेंबरला दमास्कस पडलं. पाउंड मातीमोल झाला होता. हमा शहर पडण्याच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांनी सैनिकांचा पगार निम्म्याने वाढवला! त्यांच्या पाठीराख्यांपैकी रशिया युक्रेनमध्ये गुंतलेला, हिजबुल्ला खिळखिळी. शिपायांनी गणवेश रस्त्यातच उतरवले. विजेत्यांनी सक्तीने भरती झालेल्यांना माफी जाहीर केली.

मार्च २०२५मध्ये मात्र सीरियाच्या किनारपट्टीवर असद यांच्याच पंथाच्या अलावी लोकांच्या कत्तली झाल्या. चीनमध्येही १९५०-५१च्या ‘प्रतिक्रांतिकारक’विरोधी मोहिमेत मारलेल्यांचा, माओंनीच पुढे सांगितलेला आकडा ७ लाखांचा आहे. त्यांत जुन्या राजवटीचे किरकोळ अधिकारीही होते. फू यांच्यासारखी वाटाघाट करण्याइतकं त्यांच्या हाती काही नव्हतं.