समेटाचा परिणाम मोजायचा कसा?
पुनर्स्थापक न्यायात गुन्हेगार, पीडित आणि दोघांचे नातलग समोरासमोर बसून झालेली हानी कशी भरून काढायची ते ठरवतात. मात्र अशा बैठकीला तयार होणारा गुन्हेगार बहुधा आधीच पश्चात्तापाकडे झुकलेला असतो. त्याची तुलना सरसकट इतरांशी केली, तर यशाचे आकडे फुगतात.

कॅनबेरातील ‘राइज’ प्रयोगाने (१९९५-२०००) हा दोष टाळला. लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग यांच्या या अभ्यासात गुन्हेगाराने कबुली दिल्यावर प्रकरण न्यायालयात जाणार की बैठकीकडे, हे पोलिसांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक निवडीने ठरले. हिंसक गुन्ह्यांतील तरुणांमध्ये बैठकीनंतर न्यायालयाच्या तुलनेत दर १०० जणांमागे वर्षाला ३८ गुन्हे कमी झाले. मद्यपी वाहनचालकांमध्ये मात्र ६ वाढले. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती, तर हा महत्त्वाचा फरक बुजला असता.

समाधानाचे अर्ज बैठक संपताच भरून घेणे अपुरे आहे. नकार देणारे पीडित, अर्ध्यावर सोडणारे गुन्हेगार आणि कबूल केलेली भरपाई प्रत्यक्ष हाती पडली का, याची नोंद प्रत्येक कार्यक्रमाने पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.