माळावरचा वारा आणि गावाचा वाटा

तासगावहून पूर्वेकडे निघालेला प्रवासी कवठेमहांकाळच्या वाटेला लागला, की द्राक्षमळ्यांची संगत हळूहळू सुटते आणि माळ सुरू होतो. कुसळी गवत, मधूनच एखादी बाभळ, मेंढरांचा कळप आणि अखंड वाहणारा वारा, एवढेच या माळाचे वैभव. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यात पवनचक्क्यांची भर पडली आहे. ढालगावच्या पठारावर पांढरे उंच मनोरे उभे आहेत आणि त्यांची तीन पाती संथपणे फिरत असतात. गावकरी त्यांना नुसते ‘पंखे’ म्हणतात. शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणीचे पठार, जतचा माळ, शेजारच्या सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथेही हेच दृश्य दिसते. नवे प्रकल्प येत आहेत, जुनी यंत्रे उतरवून त्यांच्या जागी अधिक उंच यंत्रे बसविण्याचे घाटत आहे, आणि त्याबरोबरच वीस वर्षांपूर्वीचा वादही पुन्हा डोके वर काढीत आहे. तो वाद तेव्हा नीट मांडला गेला नाही आणि म्हणून सुटलाही नाही. या वेळी तरी तो नीट मांडला जावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वारा ही तासगावकरांना नवी वस्तू नव्हे. या तालुक्याचा बेदाणा वाऱ्यावरच तयार होतो. फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात आणि कोरडी हवा दोन आठवड्यांच्या आत-बाहेर त्यांचा बेदाणा करते. आकाश भरून आले, हवा दमट झाली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. या वाऱ्याचे मोल ज्यांना असे पिढीजात ठाऊक आहे, त्यांना त्याच वाऱ्यापासून वीज करण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. तरीही ‘पंखा’ म्हटले, की गावोगाव कपाळाला आठ्या का पडतात, याचा विचार व्हावयास हवा.

पाऊस पळविल्याचा आरोप

महाराष्ट्रात पवनऊर्जेचे पहिले प्रयोग 1986 च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर झाले. घाटमाथ्यावर मोठ्या प्रमाणावर यंत्रे आली ती नव्वदीच्या अखेरीस. वनकुसवड्याच्या पठाराची गणना थोड्याच काळात आशियातील मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत होऊ लागली. पाठोपाठ अवर्षण आले. 2003 साली सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागातील विहिरी आटल्या, जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, आणि माळामाळांवर एकच कुजबूज सुरू झाली : पंखे ढग हाकलून लावतात, पंखे पाऊस पळवितात. बघता बघता कुजबुजीचे आरोपात आणि आरोपाचे आंदोलनात रूपांतर झाले. यंत्रे बंद करा, अशी मागणी झाली.

हा आरोप शास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. त्या काळची यंत्रे पन्नास ते ऐंशी मीटर उंचीची. पाऊस देणारे ढग त्यांच्या कितीतरी वर असतात. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस या पूर्व पट्ट्यात येईपर्यंत चारशे-पाचशेवर येतो, आणि तो पवनचक्क्या येण्यापूर्वीही तेवढाच येत होता. 1972 च्या दुष्काळात या माळांवर एकही पंखा नव्हता. उलट ज्या तालुक्यांत पंखा औषधालाही नव्हता, तेही 2003 मध्ये होरपळून निघाले.

तेव्हा गावकऱ्यांचे अज्ञान म्हणून हा विषय हातावेगळा करणे सोपे होते आणि तसे तो केलाही गेला. येथेच चूक झाली. पंखे पाऊस पळवितात, हे विधान खोटे होते. पण ते करणाऱ्याच्या मनातील बोच खोटी नव्हती. आपल्या डोक्यावरचे काहीतरी कोणी परका घेऊन जात आहे आणि त्याबद्दल आपल्याला कोणी विचारलेलेही नाही, ही ती बोच. मोजण्याची साधने आणि मांडण्याची जागा ज्याच्यापाशी नसते, तो आपले गाऱ्हाणे हाताशी असलेल्या भाषेत मांडतो. दुष्काळी माळावरच्या माणसाची भाषा पावसाची असते.

आता ‘मांडण्याची जागा नव्हती’ हे अक्षरशः खरे आहे. धरण, खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र उभारावयाचे तर पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी यांची तरतूद कायद्याने केलेली आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जेचा समावेश नाही. ही ऊर्जा स्वच्छ आहे, धूर नाही, राख नाही, म्हणून तिला ही सूट मिळाली. हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र असा झाला, की गावाच्या शिवारात शेकडो टनांची यंत्रे उभी राहिली, तरी गावाने आपले म्हणणे अधिकृतपणे सांगावे असा दिवसच उजाडला नाही. सुनावणीच्या मंडपात जे बोलले गेले असते, ते मग रस्त्यावर ट्रक अडवून बोलले जाऊ लागले.

व्यवहार कोणाशी झाला?

जमिनीच्या हिशेबाकडे वळू. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. पण खऱ्याखुऱ्या औद्योगिक कारणासाठी 1994 मध्ये त्यातून वाट करून देण्यात आली. बरड माळाला तोवर विचारणारे कोणी नव्हते. दलाल आले, रोख पैसे मिळाले, शेतकऱ्याने सही केली. या माळाखाली पाणी नाही, हे त्याला माहीत होते. त्याच्या माथ्यावर वारा आहे आणि त्याचे दाम होते, हे दलालाला माहीत होते. व्यवहार कायदेशीर झाला, पण दोन्ही पक्षांचे ज्ञान सारखे नव्हते.

हे दाम केवढे, याचा साधा गुणाकार करता येतो. सव्वा मेगावॉटचे यंत्र आपल्या क्षमतेच्या जेमतेम एक पंचमांश चालले, तरी वर्षाला सुमारे 22 लाख युनिट वीज देते. राज्य वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर 2003 मध्ये पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी 15 पैसे वाढ, असा 13 वर्षांचा दर ठरवून दिला. म्हणजे एका यंत्राची पहिल्या वर्षाची विक्री सुमारे 77 लाख रुपये. शिवाय गुंतवणूकदाराला पहिल्याच वर्षी आरंभी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के घसारा प्राप्तिकरातून वजा करता येई. त्यामुळे पवनचक्क्यांचे मालक झाले ते दूरच्या शहरांतले; त्यांतील कित्येकांचे लक्ष वाऱ्यापेक्षा कराकडे अधिक होते. यंत्राला भांडवल लागते, जोखीम असते, कर्जाचे हप्ते असतात, हे मान्य. तरीही एकदाच हाती पडलेली जमिनीची किंमत आणि वर्षानुवर्षे मिळत राहणारे हे उत्पन्न यांची सांगड गावकऱ्याच्या मनात कशी बसावी?

त्यात भारनियमनाची वर्षे आली. शिवारात पंखा फिरतो आहे आणि विहिरीवरची मोटार बंद आहे, हे दृश्य त्या काळी नित्याचे होते. तांत्रिकदृष्ट्या पाहता पंख्याची वीज जवळच्याच उपकेंद्रात जाते आणि बव्हंशी आसपासच वापरली जाते. ती कोणी पोत्यात भरून मुंबईला नेत नाही. पण अंधारात बसलेल्या माणसाला हे पटवून देणे कठीण.

गाऱ्हाण्यांची दाद वेळेवर लागली नाही, की त्यांचे बाजार भरतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रस्त्यासाठी बांध फोडला, वाहिनीचा खांब पिकात आला, पात्यांच्या लांब वाहनांची धूळ बेदाण्याच्या शेडवर बसली, तर नुकसानीचा दर कोणता आणि तो ठरविणार कोण, याचा निश्चित नियम गावकऱ्याला दिसत नाही. मग जो मोठ्याने ओरडतो किंवा ज्याच्यापाशी मनगटाचे बळ असते, त्याच्याशी परस्पर तडजोड होते. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. न्यायालय काय तो निर्णय देईल. परंतु ज्या व्यवहाराला उजेडातली जागा नसते, त्यात अंधारातली माणसे शिरतात, हा धडा घेण्यासाठी निकालापर्यंत थांबण्याचे कारण नाही.

पडीक म्हणजे रिकामे नव्हे

माळ आणि सडे यांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणण्याची प्रथा आहे. धनगराच्या लेखी तो चराऊ मुलूख असतो, आणि निसर्गाच्या लेखी तर भरलेले घर. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. पक्षी कमी झाले तेथे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले, आणि भय ओसरल्याने त्यांच्या वागण्यातही फरक पडला. ज्या सरड्यावर हा अभ्यास झाला, त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले आहे. पंखे नकोत, असा या अभ्यासाचा अर्थ नाही. कोठे उभारावेत आणि कोठे नाही, हे आधी पाहावे, एवढा अर्थ मात्र निश्चित आहे. कासचे पठार, कोयना, चांदोली यांच्या सान्निध्यातील सड्यांना जो न्याय लावावयाचा, तोच ढालगाव-जतच्या माळाला लावता येणार नाही; आणि उलटही नाही.

दगडी कोळसा जाळून वीज करण्याचे दिवस कायमचे राहणार नाहीत, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. देशाची पवनऊर्जेची क्षमता 2025 मध्ये 50 हजार मेगावॉटच्या पुढे गेली; महाराष्ट्राचा वाटा 5 हजारांच्या वर आहे. तेव्हा सरसकट विरोध हा मार्ग नव्हे. प्रश्न अटींचा आहे, आणि त्या अटी घालण्याची संधी आता आली आहे. जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसविण्यासाठी केंद्राने 2023 मध्ये सुधारित धोरण जाहीर केले. एका अर्थी घाटमाथ्यावरचे सारे करारमदार पुन्हा मांडले जाण्याची ही वेळ आहे.

पहिली अट, ग्रामसभेपुढे जाहीर सुनावणी. कायद्यात ती नसेल तर राज्याने आपल्या धोरणात घालावी. आराखडा, रस्ते, वाहिन्या, भरपाईचे दर, सारे मराठीतून आणि आधी.

दुसरी अट, जमीन विकत न घेता भाड्याने घ्यावी आणि भाडे विजेच्या उत्पन्नाशी जोडावे. त्याशिवाय युनिटमागे ठरावीक वाटा ग्रामपंचायतीला मिळावा. वर सांगितलेल्या यंत्रावर युनिटमागे पाच पैसे धरले, तरी वर्षाला एक लाख दहा हजार रुपये होतात. वीस यंत्रांचे बावीस लाख. एखाद्या दुष्काळी ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, आणि कराच्या थकबाकीवरून चालणारी भांडणेही तिने मिटतील.

तिसरी गोष्ट सहकाराची. कोपनहेगनच्या समुद्रात 2000 च्या सुमारास उभारलेल्या मिडलग्रुन्डेन प्रकल्पाच्या वीस यंत्रांपैकी निम्मी एका सहकारी संस्थेच्या मालकीची होती आणि तिचे आठ हजारांहून अधिक सभासद होते. आपली पाती आहेत म्हटल्यावर त्यांचा आवाज लोकांना कमी टोचतो. साखर, दूध, पाणीपुरवठा यांत सहकार रुजविणाऱ्या वसंतदादांच्या जिल्ह्याला वाऱ्याचा सहकार सुचू नये, याचे नवल वाटते.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट पाण्याची. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांवर हा पूर्व भाग जगतो. त्यांचे दुखणे विजेच्या बिलाचे. सरकारने 81 टक्के आणि शेतकऱ्याने 19 टक्के भरावे, अशी तोड काढावी लागली. पवनचक्की सर्वाधिक वीज देते ती जून ते सप्टेंबर. नेमक्या त्याच काळात कृष्णा दुथडी भरून वाहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली शहर पुरात बुडाले असताना जत तालुक्यात टँकर फिरत होते. वारा, पूर आणि रिकामे तलाव एकाच जिल्ह्यात एकाच महिन्यात असतात. त्यांची गाठ घालून देणारी योजना तेवढी नाही. पावसाळी वाऱ्याची वीज या पंपांना सवलतीने बांधून द्यावी आणि पुराचे पाणी पूर्वेकडच्या तलावांत सोडावे. उपशाची यंत्रणा पुराच्या पातळीला टिकावी लागेल, वीजवहनाचा खर्च कोणी सोसायचा ते ठरवावे लागेल. पण अभियंत्यांनी आणि आयोगाने बसून सोडवावेत असेच हे प्रश्न आहेत.

पंखे पाऊस पळवितात, असे ज्या माळावर एके काळी म्हटले गेले, त्याच माळावरच्या तलावात त्याच पंख्यांच्या बळाने पाणी येऊन पडले, तर या वादाला याहून चांगले उत्तर दुसरे कोणते असेल?